साहेबांच्या कन्येची वही

वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या होत्या. थोर नेत्याच्या कन्येचं अल्पशा आजारानं निधन झालं, मागे एक भाऊ आहे, आणि त्या काही काळ सरकारी नोकरीत होत्या. काही काळ! सत्तावीस वर्षं सभागृहातले शब्द जिनं टिपून ठेवले तिची ही बोळवण. फोटोसुद्धा तिचा नव्हता, वडिलांचा होता. मी पेपर आपटला आणि बायकोला म्हटलं, "मेल्यावरही हिला बापाच्या नावानंच जावं लागलं बघ."

"मग तुम्ही लिहा ना," बायको म्हणाली. "तुम्हाला सगळं माहिती आहे."

माहिती आहे, म्हणूनच इतकी वर्षं लिहिलं नाही.

आम्ही दोघंही प्रतिवेदक. सभागृहात अध्यक्षांच्या खुर्चीच्या खाली एक टेबल असतं, तिथं मान खाली घालून लघुलिपीत भराभर लिहिणारी माणसं बसलेली असतात, ती आम्ही. वर गॅलरीतून बघणाऱ्यांना आमचे फक्त भांग दिसतात. प्रत्येकानं दहा मिनिटं लिहायचं, मग वरच्या मजल्यावरच्या खोलीत जाऊन ते टाइप करायचं, तोवर पुन्हा आपला नंबर लागतो. पुढचा माणूस एक मिनिट आधी येऊन शेजारी बसतो आणि कान देऊन ऐकू लागतो, म्हणजे मधला शब्द सांडत नाही. सव्वीस वर्षं तिच्यानंतर माझा नंबर होता. तिच्या बोटांवर पडलेला पेन्सिलीचा डाग मला माझ्या बायकोच्या हातापेक्षा जास्त पाठ होता, आणि हे बायकोलाही माहीत आहे.

ऑफिसात तिला पाठीमागं सगळे 'कन्या' म्हणायचे. वर्तमानपत्रांत तिचा उल्लेख यायचा तो तसाच. तोंडावर 'ताई'. तिचे वडील म्हणजे साहेब. त्यांना दुसरं नाव लागतच नव्हतं. शहरात कुणी नुसतं 'साहेब आले' म्हटलं की माणसं उठून उभी राहायची, आणि मग कळायचं की आलेत ते वीजमंडळाचे साहेब.

घरात सकाळी सहापासून माणसांचा राबता. शाळेची तयारी तिला न्हाणीघरात करावी लागायची, कारण घरात तेवढी एकच खोली रिकामी असायची, तीही कडी लावल्यावर. निवडणूक आली की तिला इस्त्रीचा फ्रॉक घालून साहेबांच्या कडेवर बसवायचे आणि फोटो काढायचे. नऊ वर्षांची झाली तरी. "माझे पाय त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबायचे," ती मला सांगायची, "आणि फोटोग्राफर म्हणायचा, ताई, जरा लहान दिसा." हे सांगताना ती हसायची. मला कधी हसू आलं नाही.

साहेबांची गादी तिच्या भावाकडे जाणार हे तो रांगत होता तेव्हाच ठरलं होतं. हिच्याकडे काय जाणार हे कुणी ठरवलं नव्हतं. ती सोळा वर्षांची असताना साहेबांचा लेखनिक काम सोडून गेला. साहेबांना गाडीत बसून पत्रं सांगायची सवय. त्यांच्या वेगानं लिहिणारं कुणी मिळेना, तेव्हा ही तीन महिन्यांत लघुलिपी शिकली आणि मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. वडिलांच्या शेजारी बसायला मिळालेली तिची ती पहिली जागा. साहेबांनी शाबासकी वगैरे दिली नाही, "पुढचं लिही" एवढंच म्हणाले. सहा वर्षं ती गाडीतून लिहीत राहिली. साहेबांचं वाक्य कुठं वळणार, कुठं थांबणार, हे तिला त्यांच्याआधी कळायला लागलं.

त्या काळात तिचं लग्न ठरलं होतं. एकदा गाडीत साहेबांनी एक शिफारसपत्र सांगायला घेतलं, अमुक तरुणाला अमुक महामंडळावर घ्यावं, हुशार आहे, होतकरू आहे. तो तरुण म्हणजे हिचाच होणारा नवरा. लग्नाच्या बदल्यात नोकरी, हे देणंघेणं तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं पत्र पूर्ण घेतलं, घरी येऊन एकही चूक न करता टाइप केलं, साहेबांची सही घेतली, पाकीट बंद केलं आणि मग आईला सांगितलं की मी लग्न करणार नाही. नोकरी त्या तरुणाला मिळाली.

पुढं ती आमच्या परीक्षेला बसली आणि पहिली आली. अर्थातच सगळे म्हणाले, वशिला. मीही म्हणालो. मग तिसऱ्याच दिवशी सभागृहात रणकंदन झालं, तीस माणसं एकाच वेळी ओरडत होती. माझ्या पाळीत मी 'गोंधळ' असा एक शब्द लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवली. तिनं तिच्या दहा मिनिटांत कोण काय ओरडलं ते सगळं उतरवलं होतं, शिव्यांसकट. मुख्य प्रतिवेदक तिच्या वहीकडे बघत राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "शिका काहीतरी." मी शिकलो. पुढं तिला दीड महिना कावीळ झाली तेव्हा तिच्या वह्या मीच टाइप केल्या. प्रत्येकाची लघुलिपी वीस वर्षांत त्याची स्वतःची होऊन जाते, दुसऱ्याला ती नीट वाचता येत नाही. तिची मला येत होती. फक्त मलाच.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं. वहीत आम्ही जसंच्या तसं लिहितो. टाइप करताना मात्र भाषा सावरतो. सभासद अर्धं वाक्य बोलून बसतो, आम्ही ते पूर्ण करतो. सन चुकला तर बरोबर करतो, तीच गोष्ट तीनदा सांगितली तर एकदा ठेवतो. आमच्या हातून गेलेला गाढवसुद्धा विद्वान होऊन बाहेर पडायचा. मग ती प्रत सभासदाकडे सहीला जाते, आणि शेकडा नव्वद सभासद न वाचता सही करतात. हा लबाडीचा प्रकार नव्हता, ही रीत होती. फक्त एक मर्यादा होती, अर्थाला हात लावायचा नाही.

साहेबांचं वय झालं. मंत्रिपद गेलं, पण जागा होती, मान होता. सत्तराव्या वर्षानंतर त्यांच्या बोलण्याचा धागा हळूहळू सुटायला लागला. मेलेल्या अध्यक्षांना उद्देशून बोलायचे. कालवा म्हणायचं तिथं कारखाना म्हणायचे. सभागृह त्यांच्या वेळी निम्मं रिकामं असायचं, उरलेले आदरानं ऐकल्यासारखं करून पेंगायचे. आणि दुसऱ्या दिवशी छापील कामकाजात साहेबांचं भाषण वाचावं तर कसं रेखीव, मुद्देसूद! वर्तमानपत्रं लिहायची, या वयातही काय स्मरणशक्ती. स्मरणशक्ती वरच्या खोलीत तिसऱ्या टेबलावर बसून टाइप करायची. मला दिसत होतं. मी काही बोललो नाही. माझ्या बापानं शेवटी शेवटी मला ओळखणं सोडलं होतं, मी कुठल्या तोंडानं बोलणार?

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या अकरा वर्षं आधी, साहेब बांधकाममंत्री असताना, नदीवरचा पादचारी पूल कोसळला होता. कारखान्याची पाळी सुटायची वेळ. एकतीस माणसं गेली. चौकशी झाली आणि ठपका एका कनिष्ठ अभियंत्यावर आला, त्यानं पुलाची अवस्था वर कळवली नाही म्हणून. तो सांगत होता की मी पत्र घेऊन स्वतः मंत्र्यांच्या घरी गेलो होतो, हातात दिलं होतं. साहेबांनी सभागृहात सांगितलं होतं, असं कुठलंही पत्र मला मिळालेलं नाही. तो शब्दही हिनंच टिपला होता आणि तो तिनं खरा धरला होता. अभियंता बडतर्फ झाला. तेव्हापासून जेव्हा जेव्हा रस्ते-पुलांची चर्चा असेल तेव्हा तो पास काढून गॅलरीत येऊन बसायचा. दुसऱ्या रांगेत, कोपऱ्यात, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. शिपाई त्याला 'एकतीस' म्हणायचे. माणसाला चिकटवायला इतकं वाईट नाव मी दुसरं ऐकलं नाही.

तो दिवस अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यातला. दुपारी साडेचारचा सुमार, रस्तेदुरुस्तीवर चर्चा, सभागृहात चौदा माणसं. साहेब उठले. ती लिहीत होती, मी नेहमीप्रमाणे एक मिनिट आधी जाऊन शेजारी बसलो. साहेब खड्ड्यांवर दोन वाक्यं बोलले. मग म्हणाले, "मी लवकर आटपतो, बाहेर गाडीत मंडळी खोळंबली आहेत." त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मग थोडे थांबले आणि अगदी सहज आवाजात म्हणाले, "तो इंजिनिअर पत्र घेऊन आला होता माझ्याकडे. मीच म्हटलं, निवडणूक होऊ दे, मग पूल बंद करू." आणि परत खड्ड्यांवर आले.

कुणीही वर बघितलं नाही. ज्यांनी ऐकलं असेल त्यांना ते दुसऱ्याच कुठल्या गोष्टीचं वाटलं असेल. तिची पेन्सिल थांबली नाही. मी पाहिलं, तिनं सगळं लिहिलं. आणि वर जाऊन टाइप करताना तिनं गाडीतल्या बायकोचं वाक्य गाळलं, त्याच झपाट्यात पुढची दोन वाक्यंही गाळली. म्हातारा भरकटलाय, आणखी काय! लोक माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, पण तिनं त्या क्षणी जाणूनबुजून काही लपवलं नव्हतं. इतकी वर्षं ती जे करत होती तेच तिनं केलं. हाताला सवय लागली की डोकं विचारायला येत नाही.

सहा-सात आठवड्यांनी अभियंता कामकाजाची नक्कल घेऊन आमच्या खोलीच्या दारात उभा राहिला. बाहेरच्या माणसाला नक्कल मिळायला तेवढे दिवस लागायचे. आवाजाच्या फिती होत्या, पण त्या महिन्याभरानं पुसून पुन्हा वापरायचे.

"मॅडम," तो म्हणाला, "यात साहेबांचं एक बोलणं नाहीये."

"छापलंय तेवढंच असतं," ती न बघता म्हणाली.

"मी गॅलरीत होतो. मी ऐकलंय. तुम्ही लिहीत होतात." तो भांडत नव्हता. "माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या कॉलेजात आहे. तिच्या वर्गात तो चौकशीचा अहवाल शिकवतात, मॅडम. त्यात माझं नाव आहे. ती दुसरं आडनाव लावते. मला बाकी काही नको, तेवढं एक बोलणं पाहिजे."

तिनं मान वर केली. मग म्हणाली, "सोमवारी या."

तो गेल्यावर तिनं कपाटातून वही काढली. वह्या वर्षभर ठेवायचा नियम होता. तिनं ते पान उघडून माझ्यासमोर धरलं. "मला वाटलं, भरकटलेत," ती म्हणाली. "आईचं बोलले म्हणून तेही तसलंच. पण आईचंसुद्धा खोटं कुठं होतं हो? आई खरंच गाडीत खोळंबायची. तासन् तास." तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "ते फक्त काळ चुकतात. गोष्टी नाही चुकत."

मी म्हटलं, "ताई, जाऊ द्या. साहेबांचे किती दिवस राहिलेत? पुढच्या महिन्यात ऐंशीचा सत्कार आहे. तुमची नोकरी जाईल."

"आणि त्याचं?"

मी टाइपरायटरमध्ये नवा कागद घातला.

रविवारी सकाळी तिनं काय केलं ते तिनंच मला सांगितलं. साहेब चहा पीत बसले होते. तिनं वही उघडून ती दोन वाक्यं त्यांना वाचून दाखवली, आवाज न चढवता, सभागृहात वाचतात तशी. साहेबांनी कान टवकारले.

"कोण बोललं हे?"

"एक सभासद."

"धीट दिसतो. आपल्या बाजूचा की त्यांच्या?"

"आपल्या, बाबा."

साहेबांनी कप खाली ठेवला आणि विचारात पडले. "मग त्याला आधीच कुणीतरी आवरायला हवं होतं," ते म्हणाले. "आता काही उपयोग नाही. बोलून गेला तो."

तेवढ्यात तिचा भाऊ आत आला. त्यानं वही पाहिली, प्रकार विचारला, आणि पांढराफटक पडला. निवडणुकीला पाच महिने होते आणि या वेळी उमेदवारी त्याची होती. "वही हरवली म्हण," तो म्हणाला. "वह्या हरवतात."

"माझी एकही हरवलेली नाही."

"तू या घरची आहेस की नाहीस?"

तिनं वही मिटून पिशवीत घातली. हे सांगताना ती मला म्हणाली, "सोळा वर्षांची असल्यापासून मी हेच ठरवायचा प्रयत्न करतेय."

सोमवारी तिनं सचिवांकडे लेखी कबुली दिली, की मी छापील कामकाजातून दोन वाक्यं गाळली, ती पुन्हा घालावीत, मूळ वही सोबत जोडली आहे. सचिव माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला बोलावलं. खोलीत चौघं, सचिव, ती, खुर्चीच्या कडेला टेकलेला अभियंता आणि मी. वही टेबलावर उघडी.

"यांची लघुलिपी तुम्हाला वाचता येते म्हणे," सचिव म्हणाले. "यांनी स्वतः वाचलेलं धरता येणार नाही, त्या यात गुंतलेल्या आहेत. तिसऱ्या माणसानं वाचायला हवं. वाचा."

मला पान दिसत होतं. पाचवी ओळ, साहेब थांबले तिथं तिनं ठेवलेली मोकळी जागा, मग ती दोन वाक्यं. मोठ्या अक्षरात छापल्यासारखी स्पष्ट.

माझ्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते. पण तेवढंच कारण नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिचा भाऊ माझ्या घरी येऊन गेला होता. धमकी नाही, काही नाही. सोफ्यावर बसला, पाणी प्यायला, माझ्या मुलाची चौकशी केली आणि म्हणाला, "काका, ताईला सांभाळून घ्या. तिला कळत नाहीये ती काय करतेय." आणि मी स्वतःला समजावलं की मी तिला सांभाळूनच घेतोय.

"ओळी पुसट आहेत," मी म्हणालो. "नक्की लागत नाहीत."

"तुम्ही त्या वेळी शेजारी बसला होतात ना? काही ऐकलंत?"

"मला यायला थोडा उशीर झाला होता त्या दिवशी."

सव्वीस वर्षांत मला एकदाही उशीर झाला नव्हता, आणि हे त्या खोलीत एकाच व्यक्तीला माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिलो.

सचिवांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वही मिटली. तिच्या कबुलीवरून एवढं सिद्ध झालं की तिनं कामकाजाशी छेडछाड केली. काय गाळलं ते सिद्ध झालं नाही. तिला काढून टाकलं. अभियंत्याचा अर्ज निकाली निघाला.

बाहेर जिन्यापाशी अभियंत्यानं मला गाठलं. मला वाटलं आता हा माझी गचांडी धरणार, आणि धरली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला माझ्यासाठी काम सोडून यावं लागलं. माफ करा." पिशवी काखेत धरून तो एकेक पायरी उतरत गेला. त्यानंतर तो गॅलरीत कधी दिसला नाही.

साहेबांचा सत्कार दणक्यात झाला. भाऊ निवडून आला. साहेब आणखी तीन वर्षं जगले, आणि घरात राहून त्यांचं सगळं तिनंच केलं, न्हाऊ घालण्यापासून. भावानं तिला मागच्या बाजूची खोली दिली होती. पाहुण्यांसमोर तिला आणत नसत. पुढं ती एका टायपिंगच्या वर्गात लघुलिपी शिकवायची. वर्गात मुली असायच्या चार-पाच. मग तेही बंद पडलं, लघुलिपी आता कोण शिकतं?

मी तिच्यासमोर जायचं टाळत होतो. बारा वर्षं टाळलं. गेल्या वर्षी हॉस्पिटलच्या तपासणीच्या रांगेत ती अचानक शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. खूप वाळली होती. मी उठून जाणार तेवढ्यात म्हणाली, "बसा हो. दोघांचेही नंबर लांब आहेत."

मी म्हटलं, "ताई, मला वाचता येत होतं."

"माहितीये."

"मी तुमचं सगळं आयुष्य—"

"थांबा," ती म्हणाली. तिनं माझ्या हाताला हात लावला, सव्वीस वर्षांत कधी लावला नव्हता. "मी एक सांगते, ते तुम्हीच ऐकू शकता. तुम्ही पुसट आहे म्हणालात ना, तेव्हा मला बरं वाटलं. क्षणभर. वाटलं, माझं खरं बोलून झालं आणि बाबाही वाचले. आणि तो माणूस माझ्यासमोर बसला होता, त्याचा चेहरा मला दिसत होता, तरी मला बरं वाटलं." तिनं डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. "तुमच्यावर मी कशी रागवू? मला तो क्षण विसरता येत नाही."

बऱ्याच वेळानं आत तिचा नंबर पुकारला गेला. नर्सनं कागद बघून विचारलं, "तुम्ही साहेबांच्या कन्या ना?" ती 'हो' म्हणाली आणि आत गेली.